वेगाला वळण

मराठी भाषेत ‘वळण’ हा शब्द मोठा कामाचा आहे. वळण नदीला असते, रस्त्याला असते, अक्षराला असते आणि माणसालाही असते. पालक मुलाला घेऊन शाळेत येतात आणि म्हणतात, ‘‘सर, याला जरा वळण लावा.’’ तोच मुलगा उनाडक्या करू लागला की आळीतल्या काकू म्हणतात, ‘‘पोरगं वाईट वळणाला लागलं.’’ एकाच शब्दात शिस्तही आहे आणि शिस्तीतून निसटणेही आहे. एम. ए.ला मराठी घेऊन आणि पुढे तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासून आम्ही या शब्दाचे सारे अर्थ गिरवले होते. परंतु वळण घेणे म्हणजे नेमके काय, ते घेताना पाहणाऱ्याच्याही काळजाचे कसे पाणी होते आणि ते साधले म्हणजे केवढा आनंद होतो, हे आम्हांला उमगले ते एका मोटारसायकलच्या शर्यतीत. आणि तीही पोलंड देशात.

हे वाचून आमची इंदूरकर स्नेहीमंडळी खचितच हसतील. आमची स्कूटर हा शाळेत थट्टेचा विषय आहे. तिच्या काट्याने चाळीसचा आकडा ओलांडल्याचे कोणी पाहिलेले नाही. एकदा आम्हांला एका सायकलस्वाराने मागे टाकले आणि तो आमच्याच शाळेतला नववीचा विद्यार्थी निघाला! दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या डोळ्यांत जे तेज होते, ते परीक्षेत पहिला आला असता तरी दिसले नसते. असो. सांगायचे एवढेच की, वेग ही वस्तू आमच्या प्रकृतीला मानवणारी नव्हे.

म्हणूनच गेल्या वर्षी आमच्यापुढे एक प्रश्न आला तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. फेब्रुवारीतली गोष्ट. अकरावीतला आमचा एक विद्यार्थी रात्री शहराबाहेरच्या नव्या रुंद रस्त्यावर मित्रांबरोबर पैज लावून मोटारसायकल पळवीत होता. रस्ता सरळ, दिवे लखलखीत आणि वाटेत उभा असलेला एक ट्रक. दोन दिवस इस्पितळात काढून मुलगा गेला. आम्ही त्याच्या घरी भेटायला गेलो. वडील एका कारखान्यात फिटर आहेत, बोलणे मोजके. त्यांनी कपाटातून मुलाची मराठीची वही काढून आमच्या हाती दिली. अक्षर मोत्यासारखे होते, वळणदार. आम्हीच लाल शाईने ‘सुंदर’ असा शेरा दिला होता. वही परत घेताना ते म्हणाले, ‘‘सर, एक विचारतो. याला एवढा वेग कशाला हवा होता?’’

रागाने विचारलेल्या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येते. हा प्रश्न रागाचा नव्हता. त्या बापाला खरोखरच समजून घ्यायचे होते. आम्ही काही न बोलता उठलो, आणि तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली. आमची कन्या आणि जावई पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरी नोकरीनिमित्त राहतात. पोलंड म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना तिथे आसरा मिळाला होता. त्या ओळखीपलीकडे त्या देशाविषयी आम्हांला फारसे काही ठाऊक नव्हते. एका रविवारी जावई म्हणाले, ‘‘बाबा, आज तुम्हांला इथल्या लोकांचं खरं दैवत दाखवतो.’’ आम्हांला वाटले, एखादे पुरातन चर्च असेल. सौ.ने शालही काढली. जावयांनी नेले ते एका क्रीडांगणात. तिथे ‘स्पीडवे’चा सामना होता.

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबवर्तुळाकार मार्गावरची मोटारसायकलची शर्यत. ज्या क्रीडांगणात आम्ही गेलो त्याचे नाव ऑलिम्पिक स्टेडियम असे आहे. ऑलिम्पिकचे सामने त्या शहरात कधी झालेले नाहीत. मात्र शहर जर्मनीत होते आणि त्याचे नाव ब्रेसलाउ होते त्या काळी रिखार्ड कोनव्हियार्त्स या वास्तुशिल्पकाराने हे क्रीडासंकुल उभारले, आणि त्याच्या आराखड्याला १९३२च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळाले. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये वास्तुकला, साहित्य, संगीत यांच्याही स्पर्धा होत, हे आजच्या वाचकाला सांगूनही खरे वाटणार नाही.

आम्ही आत शिरलो तो सारे प्रेक्षागार पिवळ्या आणि तांबड्या रंगाने फुललेले. आजोबा, आजी, मांडीवरचे पोर, साऱ्यांच्या गळ्यात त्याच रंगाचे पट्टे. ते तिथल्या ‘स्पार्टा’ संघाचे रंग होते. सौ. म्हणाली, ‘‘हे तर हळदीकुंकवाचे रंग. आपला पक्ष हाच.’’ अशा रीतीने आमच्या घराण्याचा पोलिश क्रीडाक्षेत्रातला पक्ष ठरला. आजूबाजूचे लोक सूर्यफुलाच्या बिया सोलून तोंडात टाकीत होते. फुटाण्यांवर वाढलेल्या आम्हांला त्यात परके असे काही वाटले नाही.

पहिला धक्का दिला तो वासाने. इंजिने सुरू होताच एक गोडसर, तेलकट, ओळखीचा वास नाकात शिरला आणि आम्ही चक्रावलो. हा वास आमच्या लहानपणीचा! दर महिन्याला आई नाक दाबून जे पाजीत असे, ते एरंडेल! चौकशीअंती कळले की आमचे नाक खोटे बोलत नव्हते. या गाड्यांत पेट्रोल नसते. मिथेनॉल नावाचे मद्यार्कजातीचे इंधन असते. खनिज तेल मिथेनॉलमध्ये नीट मिसळत नाही, म्हणून परंपरेने या इंजिनांना एरंडेलाचे वंगण देतात. एका प्रसिद्ध वंगणाचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. आणि एरंडीच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला, त्यातही गुजरात अग्रेसर. म्हणजे बडोदेकर बंधूंच्या शेजारच्या शेतातले बी युरोपातल्या शर्यतीत घुमते. ज्या पदार्थाने आमचे बालपण कडू केले, त्याच्या धुराने तिथे हजारो लोक धुंद होतात!

दुसरा धक्का गाडीचा. ती पाहून प्रथम वाटते, कोणीतरी अर्धी जुळवून सोडून दिली आहे. दिवा नाही, भोंगा नाही, वेगाचा काटा नाही. ५०० सीसीचे एकच सिलिंडर, गियर एकच, वजन अवघे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलो. आपल्या मुलांच्या मोटारसायकलीपेक्षा कितीतरी हलकी. ज्या जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरला गाड्या तयार होत आणि आमच्या तरुणपणी ज्यांच्या येझदीचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येई, त्याच जावाच्या स्पीडवे गाड्यांनी एके काळी हे मैदान गाजवले. आणि मुख्य गोष्ट, जी ऐकून सौ.ने आमचा हात धरला, ती ही की या गाडीला ब्रेक नसतो. पुढेही नाही, मागेही नाही.

‘‘मग थांबतात कसे?’’ आम्ही विचारले.

‘‘थांबायचं नसतंच, बाबा. वळायचं असतं,’’ जावई म्हणाले.

एका शर्यतीत चारच स्वार असतात, दोन आपले, दोन परके. तांबडे, निळे, पांढरे, पिवळे अशी चौघांची शिरस्त्राणे वेगळी, त्यामुळे आमच्यासारख्या नवख्यालाही कोण कुठे आहे ते कळते. आरंभरेषेवर आडवी फीत ताणलेली असते. चारही गाड्या तिच्याशी नाक लावून उभ्या राहतात. इंजिनांचा आवाज चढत चढत एका सुराला लागतो. सारे प्रेक्षागार श्वास रोखते. फीत सटकन वर उडते आणि चौघेही जणू एकाच धनुष्यातून सुटतात. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पहिले वळण समोर येते. ब्रेक नसलेल्या चार गाड्या, खांद्याला खांदा, एका अरुंद वळणात शिरताहेत! आम्ही डोळे मिटून घेतले असते. पण डोळे आमच्या ताब्यात राहिले नव्हते.

आणि तिथे आम्ही जे पाहिले ते बुद्धीला पटायला वेळ लागला. वळण डावीकडे, पण स्वाराने पुढचे चाक फिरवले उजवीकडे! डावा पाय जमिनीवर टेकला. त्याच्या बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो. मागचे चाक मातीवर सुटले, बाहेरच्या बाजूला सरकले, आणि सारी गाडी तिरपी होऊन घसरत घसरत वळणाच्या पलीकडे गेली. मागे मातीचा कारंजा उडाला. पुढे सरळ भाग, पुन्हा वळण, पुन्हा घसरण. असे चार फेरे. देवाला आपण उजवी घालतो; ही मंडळी डावी घालतात. एका मिनिटाच्या आसपास सारे आटोपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. सामन्यात अशा पंधरा शर्यती. एक मिनिट जीव टांगणीला, मग काही मिनिटे उसंत, की पुन्हा फीत ताणली जाते. तिसऱ्या शर्यतीला आम्ही उभे होतो. पाचव्या शर्यतीला सौ. उभी होती. आठव्या शर्यतीत आमच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो आमच्या हाताखालच्या शिक्षकांनी ऐकला असता तर आमचा धाक कायमचा संपला असता.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. प्रत्येक शर्यतीनंतर ते कार्यक्रमपत्रिकेतल्या चौकटीत पेनाने गुण भरीत, बेरीज करीत आणि चष्मा वर करून फलकाशी ताळा पाहत. आजूबाजूला पाहिले तो अनेकांचे हेच चालले होते. गुणपत्रके भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून आपलेसे दृश्य कोणते? मुलीला मध्ये घालून आम्ही त्यांच्याशी बोललो. १९७० साली याच मैदानावर जागतिक विजेतेपदाची अंतिम फेरी झाली, तेव्हा ते वडिलांबरोबर इथे आले होते. न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरने त्या दिवशी सलग तिसऱ्यांदा जगज्जेतेपद पटकावले. पुढे १९७९पर्यंत त्याने ते एकूण सहा वेळा मिळवले. आजोबांनी आम्हांला विचारले, ‘‘तुमच्या देशात स्पीडवे आहे का?’’ आम्ही ‘नाही’ म्हणालो. त्यांनी क्षणभर अशा करुणेने पाहिले की आमच्याकडे पाऊसच पडत नाही असे आम्ही सांगितले असावे.

घसरण्याची ही विद्या आहे तरी काय, हे मध्यंतराच्या उसंतीत आणि नंतर घरी बसून आम्ही समजून घेतले. सामान्य चालक वळणावर वेग कमी करतो, कारण चाकाची पकड सुटेल अशी त्याला भीती असते. स्पीडवेचा स्वार पकड मुद्दामच सोडतो. मूठ पिळून मागचे चाक इतके जोरात फिरवतो की ते मातीवर घसरू लागते. मग त्या घसरणीवरच गाडी वळवतो. गाडी किती वळावी हे हँडल जितके ठरवते तितकीच मूठही ठरवते. गाडी बाहेर निघाली म्हणून घाबरून मूठ एकदम मिटली, तर चाक अचानक पकड घेते आणि स्वार उसळून फेकला जातो. म्हणजे ऐन भीतीच्या क्षणी हात स्थिर ठेवावा लागतो. सरळ रस्त्यावर मूठ पिळायला काही लागत नाही. ते कोणालाही जमते. या खेळात सरळ भागात फारसा कोणी कोणाला मागे टाकीत नाही. कोण पुढे जाणार ते वळणात ठरते: कोणी आतली कड धरून जवळची वाट पकडतो, तर कोणी बाहेरच्या कडेची मोकळी माती शोधून तिथून वेग उचलतो.

आणि ती माती! तिची निगा पाहून आम्हांला आपल्या तालमी आठवल्या. इंदूरच्या जुन्या तालमींत हौदाची लाल माती वस्ताद कशी तयार करवून घेत, ते आम्ही लहानपणी पाहिले आहे. माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद घालायची, रोज खणायची, रोज सारखी करायची. कुस्ती लढण्याआधी पठ्ठ्याने माती राखायला शिकायचे. तिथेही तोच प्रकार. काही शर्यती झाल्या की ट्रॅक्टर निघतो, उडालेली माती ओढून पुन्हा पसरतो, पाण्याची गाडी शिंपण करून जाते. पाणी जास्त झाले तर घसरण वाढते, कमी झाले तर धूळ उडते. स्वार शर्यतीआधी मार्गावर चालत जातात, बुटाच्या टाचेने माती उकरून पाहतात. मल्ल अंगाला माती लावून घेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच त्या वाकून पाहणाऱ्या तरुणांच्या चेहऱ्यावर होता.

या खेळाचा जन्म ऑस्ट्रेलियातला मानतात. डिसेंबर १९२३मध्ये वेस्ट मेटलंड गावी जॉनी हॉस्किन्स नावाच्या उत्साही गृहस्थाने जत्रेच्या मैदानावर, विजेच्या दिव्यांखाली मोटारसायकली पळवल्या. जनक तोच की आणखी कोणी, यावर इतिहासकार अजून भांडतात. परंतु जत्रेतल्या गर्दीला तो प्रकार आवडला हे निश्चित. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी हे वेड इंग्लंडात, लंडनजवळच्या हाय बीच येथे पोहोचले. संयोजकांची अपेक्षा होती दोन-तीन हजारांची. लोटली सुमारे तीस हजारांची गर्दी. १९३६ साली वेम्बलीला पहिली जागतिक अंतिम फेरी झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागने जिंकली. युद्धानंतर या खेळाने पोलंडमध्ये मूळ धरले ते असे की, आज त्याचे माहेर तेच म्हणावे. पण तिथल्या आजोबांना यातले काही विचारू नका. त्यांना एकच साल ठाऊक: १९७३. खोझुफच्या मैदानावर लाखाच्या घरात माणसे जमली होती. गुण समसमान झाल्याने विजेतेपदासाठी दोघांची स्वतंत्र शर्यत लागली. एका बाजूला जगज्जेता मेजर, दुसऱ्या बाजूला चोवीस वर्षांचा येझी श्चाकेल. मेजर पुढे जाण्याच्या प्रयत्नात पडला आणि श्चाकेल पोलंडचा पहिला जगज्जेता झाला. ही हकिगत सांगताना आजोबांचा आवाज कापरा झाला होता.

या खेळाचा एक थोरला भाऊ अमेरिकेत आहे. त्याला ‘फ्लॅट ट्रॅक’ म्हणतात. तिकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या जत्रांत घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीचे मार्ग असत, त्यांवर तो वाढला. तिथे गाड्या मोठ्या आणि शर्यती लांब. एक मैलाच्या मार्गावर गाड्या ताशी दोनशे कि.मी.चा वेग ओलांडतात, आणि तशाच तिरप्या होऊन वळतात. १९७५ साली इंडियानापोलिसच्या मैलावर केनी रॉबर्ट्सने, डांबरी मार्गासाठी घडवलेले चार सिलिंडरचे इंजिन मातीवर आणून, मागून येऊन शेवटच्या क्षणी शर्यत जिंकली. ती गाडी इतकी बेफाम होती की तशी इंजिने पुढे या शर्यतींतून बाद केली गेली. हाच रॉबर्ट्स १९७८पासून सलग तीन वर्षे डांबरी मार्गावरचा जगज्जेता झाला. मातीत घसरायला शिकलेला माणूस डांबरावर पकड सुटली तरी बिचकला नाही. अलीकडे आपल्या रॉयल एनफिल्डनेही अमेरिकेतल्या या शर्यतींत गाड्या उतरवल्या आणि मायदेशी मातीवर गाडी घसरवायला शिकवणारे वर्ग काढले, हे वाचून आम्हांला समाधान वाटले.

हा सारा थरार सांगताना त्याची किंमत लपवणे शिक्षकाला शोभणार नाही. ज्या वळणापाशी आम्ही ओरडत होतो, त्याच मैदानावर मे २०१२मध्ये ली रिचर्डसन हा इंग्लिश स्वार कुंपणावर आदळून मृत्यू पावला. पोलंडचा लाडका तोमाश गोल्लोब २०१०मध्ये जगज्जेता झाला; २०१७ साली दुसऱ्या एका मोटारसायकल स्पर्धेच्या सरावात त्याच्या मणक्याला इजा झाली आणि त्याचे चालणे थांबले. खेळ धोक्याचा आहे, आणि तो खेळणाऱ्यांना हे पुरते ठाऊक असते.

ठाऊक असते म्हणूनच तिथे प्रत्येक धोक्यासमोर माणसाने काहीतरी उभे केले आहे. स्वाराच्या उजव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन तत्क्षणी बंद पडते. वळणाच्या कुंपणाला हवेने फुगवलेल्या गाद्या लावलेल्या असतात. रुग्णवाहिका मैदानातच उभी असते. कोणी मार्गात पडून राहिला की तांबडे दिवे लागतात आणि शर्यत थांबते. ती पुन्हा सुरू होते तेव्हा ज्याच्यामुळे थांबली त्याला बाहेर बसवतात. फीत उडण्याआधी तिला स्पर्श केला तर शिक्षा. आम्ही हे नियम ऐकले तेव्हा वाटले, अरे, ही तर शाळा आहे!

आणि शाळा खरोखरच आहे. सामन्यातली दुसरी शर्यत एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवलेली असते; प्रत्येक संघाला असे तरुण खेळवावेच लागतात. लहान मुले आधी लहान इंजिनाच्या गाडीवर शिकतात, आणि मोठ्या गाडीवर सामन्यात उतरण्याआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. बार्तोश झ्मार्झ्लिक, ज्याने २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले, तोही अशाच लहान गाडीवरून पुढे आलेला. दुसऱ्या शर्यतीत उतरलेली ती चार मुले आम्ही निरखून पाहिली. ओठांवर नुकती मिसरूड, आमच्या अकरावी-बारावीच्या वर्गात बसवली तर ओळखूही येणार नाहीत. फरक एवढाच की, ती सुटली तेव्हा हजारो वडीलधारी माणसे त्यांच्याकडे पाहत होती.

त्या क्षणी आम्हांला फिटरबाबांचा प्रश्न आठवला, आणि आपल्यापाशी त्याचे निदान अर्धे उत्तर आहे असे वाटले.

वयाच्या सोळाव्या वर्षी रक्ताला वेग हवाच असतो. तो आम्हांलाही हवा होता. आम्ही झाडावरून विहिरीत उड्या मारल्या, पुरात पोहलो, आणि आमच्या आधीच्या पिढ्यांनी मल्लखांब, कुस्त्या, बैलांच्या शर्यती केल्या. त्या उड्यांना विहिरीचा काठ होता, काठावर ओरडणारे आजोबा होते. कुस्तीला हौद होता, हौदाबाहेर वस्ताद होता. मुलाच्या हाती आपण मोटारसायकल दिली तेव्हा काठही दिला नाही आणि वस्तादही दिला नाही. दिला तो सरळ, रुंद, उजेडाचा रस्ता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले शेकडा चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते. या आकड्यांपुढे आम्ही प्रार्थनेनंतर देत असलेली ‘वाहन सावकाश हाका’ ही भाषणे फार तोकडी पडतात. थरार नको म्हणून मुलगा थांबत नाही; तो थरार कुठे घ्यायचा हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थनेनंतर आम्ही मुलांना स्पीडवेची गोष्ट सांगितली. ब्रेक नसलेल्या गाडीचे नाव काढताच मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. मुख्याध्यापकाचे भाषण संपू नये असे मुलांना वाटल्याचा आमच्या नोकरीतला तो पहिलाच प्रसंग. शेवटी बारावीतल्या एकाने हात वर केला. ‘‘सर, असं मैदान आपल्याकडे कुठं आहे?’’ पुणे, नाशिककडे मातीवरच्या शर्यती होतात, हे आम्ही सांगितले. पण त्याचा प्रश्न आपल्या गावापुरता होता, आणि त्याला देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

मात्र एक लहानसा मार्ग सापडला. महायुद्धानंतर लंडनमध्ये, बाँबने उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या मोकळ्या जागांवर मुलांनी मोडक्या सायकलींवर स्पीडवे खेळायला सुरुवात केली होती. राडारोडा बाजूला सारून त्यांनी लहानसे रिंगण आखले आणि चार जण, चार फेरे, डावे वळण, असा तोच खेळ मांडला. ‘सायकल स्पीडवे’ हा खेळ इंग्लंड आणि पोलंडमध्ये आजही रीतसर खेळला जातो. त्याला ना मिथेनॉल लागते, ना एरंडेल. आमच्या शाळेच्या मागच्या मैदानात माती आहे, आणि सायकली तर आहेतच. पावसाळा सरल्यावर चुन्याच्या फक्कीने ऐंशी मीटरचे रिंगण आखले. शनिवारी शाळा सुटल्यावर चौघे चौघे पळतात. शिरस्त्राणाशिवाय कोणी नाही, फितीला हात लावील तो बाद, आणि जो पाडेल तो पुन्हा पळणार नाही. सायकलींचे ब्रेक मात्र आम्ही काढू दिलेले नाहीत. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाच्या धाडसालाही काही हद्द असते!

सायकलींची तपासणी करायला जाणता माणूस हवा होता. आम्ही फिटरबाबांकडे गेलो. विचारताना जीभ अडखळत होती. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘किती वाजता यायचं?’’ तेव्हापासून कामाची पाळी नसेल त्या शनिवारी ते पान्यांची पिशवी घेऊन येतात. प्रत्येक सायकलची साखळी ओढून पाहतात, चाक फिरवून कान देतात, टोपाचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटांनी चाचपतात. मग शर्यती सुरू झाल्या की दुसऱ्या वळणापाशी जाऊन उभे राहतात. परवा एक लहान मुलगा तिथे बाहेर फेकला जाणार असे दिसले, तेव्हा हा अबोल माणूस साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ‘‘आत घे, बाळा! वळव, वळव!’’

मुलाने सायकल वळवली.